डबा उघडा, मॅडम

गेल्या दिवाळीत लेकीकडे दिल्लीला निघाले होते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर माझी पिशवी एक्स-रे यंत्रातून आली ती थेट बाजूच्या पट्ट्यावर गेली. आत स्टीलचा डबा, डब्यात बेसनाचे लाडू. सीआयएसएफ या सुरक्षा दलातली पंचविशीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डिब्बा खोलना पड़ेगा." त्याआधी धातूशोधक चौकटीतून येताना माझ्या उजव्या गुडघ्यातल्या धातूच्या सांध्याने शिट्टी वाजवलीच होती. पडद्याआड झडती देऊन आले होते, त्यामुळे डोकं तापलेलं. "मैं क्या आतंकवादी दिखती हूँ?" मी म्हटलं, तेही चारचौघांत. ती मुलगी चिडली नाही. "नहीं मॅडम, स्टील के अंदर का दिखता नहीं."

मला माझंच काउंटर आठवलं. एकतीस वर्षं सांगलीत बँकेत काढली. 'सही जुळत नाही' म्हटलं की समोरचा उसळायचा, "मी काय चोर आहे का?" शंका माणसावर नसून सहीवर आहे, हे त्याला समजावताना माझी दमछाक व्हायची. आणि आज मीच काउंटरच्या पलीकडे उभी राहून तेच बोलले होते.

एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर त्यांना काय दिसतं ते मी नंतर समजून घेतलं. धातू निळा दिसतो. अन्न, कापड, कागद नारिंगी. पंचाईत अशी की बरीचशी स्फोटकंही नारिंगीच दिसतात. त्यात लाडू घट्ट आणि वरून जाड स्टीलचं आवरण, म्हणजे यंत्राला काळपट गोळाच. पडद्यासमोरच्या माणसाला साधारण वीस मिनिटांनी उठवतात, कारण त्यापुढे नजर थकते. शिवाय संगणक मधूनच एखाद्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल घुसवतो. ते पकडलं की नाही याची नोंद होते. आमच्याकडे अचानक कॅश तपासायला यायचे, त्यातलाच प्रकार.

पूर्वी विमानतळावरच्या तपासणीचं हे काम राज्यांच्या पोलिसांकडे होतं. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला पळवून नेलं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सीआयएसएफकडे विमानतळ यायला लागले.

तपासणी हवीच, पण सगळा दोष प्रवाशाच्या पदरात टाकायला मी तयार नाही. दुसऱ्या एका विमानतळावर पडद्याआड मला नुसती बोटाने खूण झाली: साडी वर. शब्द एक नाही. व्रण बघितला, पुन्हा बोट: जा. नियमाप्रमाणे त्यात काही चुकलं नसेलही, पण मी बाहेर आले ती ओशाळून. अभिनेत्री सुधा चंद्रन यांना दर वेळी कृत्रिम पाय काढायला सांगत, म्हणून त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर व्हिडिओ केला आणि सीआयएसएफने माफी मागितली. त्या नामांकित, म्हणून निदान ऐकलं गेलं. माझ्यासारखीने कुठे जायचं? "मॅडम, मी आता गुडघ्याला हात लावून बघणार आहे," एवढं वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. रांग कितीही मोठी असो, तेवढा वेळ असतोच.

लोहगावच्या त्या मुलीने तेवढा वेळ काढला. डबा मला माझ्या हाताने उघडू दिला, वाकून बघितलं, झाकण पुन्हा नीट बसलं का तेही पाहिलं. माझ्या मागचा एक गृहस्थ कमरेचा पट्टा काढायला लावला म्हणून तिच्या सहकाऱ्याला 'तुझं नाव सांग, वर फोन करतो' म्हणत होता. त्याच्यात मला स्वतःला बघवेना. मी "सॉरी, बेटा" म्हटलं आणि एक लाडू पुढे केला. तिने घेतला नाही. ड्यूटीवर चालत नाही म्हणाली.

तुमचा सांधा बदललेला असेल तर चौकटीतून जाण्याआधीच तसं सांगा. डॉक्टरचा कागद दाखवून झडती चुकत नाही, पण शिट्टी वाजल्यावर समोरची बाई दचकत नाही. आणि फराळ न्यायचा तर प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात, पिशवीत सगळ्यात वर ठेवा.