पडू नये म्हणून चालावे

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज बोलून जातो. पण एका बाबतीत आपली वागणूक अगदी उलट असते. मूल पडले की आपण त्याला उठवून पुन्हा चालायला लावतो. म्हातारे माणूस पडले की त्याला खाटेवर बसवतो.

आमच्या घरी हेच झाले. आजी मोरीच्या ओल्या फरशीवर घसरली. हाड मोडले नाही, नुसता मुका मार लागला. पण त्या दिवसापासून ‘‘आजी, तू उठू नकोस, आम्ही देतो’’ हा घरातला मंत्र झाला. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात! सहा महिन्यांनी उंबरा ओलांडताना तिला दोन्ही हातांनी चौकट धरावी लागू लागली. आम्ही म्हटले, वय झाले.

वस्तुतः वयाइतकाच दोष त्या बसवण्याचा होता. डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे स्नायू व सांधे यांच्या मेळातून शरीराचा तोल राहतो. न वापरलेले मांडीचे स्नायू म्हातारपणी झपाट्याने झिजतात. मग पाऊल पुरते उचलले जात नाही, ते सतरंजीच्या कडेलाही अडते. पडण्याच्या भीतीने हालचाल थांबते, आणि हालचाल थांबली की पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात; त्यांत साठीपुढची सर्वांत अधिक.

उलट, तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक प्रयोगांच्या २०१९ मधील एकत्रित आढाव्यात दिसून आले. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, असा हा साधा व्यायाम. पण घरात एकट्याने तो चार दिवसांपलीकडे टिकत नाही. तेथे गावच लागते.

आणि गावात हे सारे आहेच! हरिपाठाला पावली खेळतात ती पाहा. एक पाऊल पुढे, एक मागे, भार या पायावरून त्या पायावर, तोही तालात. तोलाचा याहून चांगला व्यायाम कोणता? शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे आहेत. उपकेंद्रात रक्तदाब तपासून मिळतो. काही गोळ्यांनी एकदम उठताच चक्कर येते, हे तेथे विचारावे. मोतीबिंदू असल्यास तोही काढून घ्यावा. गरीब वृद्धांना काठी, वॉकर देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. मात्र काठी मापाची हवी: हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाशी यावी. आमच्याकडे आजोबांची जुनी काठी आजीला दिली होती, ती तिच्या जवळजवळ खांद्याला लागे! ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. प्रवास मोफत झाला. बाहेर पडायला निमित्त मिळाले. गाडीची पायरी तेवढी उंच आहे.

आम्ही मोरीत खरखरीत फरशी घातली, भिंतीला लोखंडी कडी ठोकली, रात्री दिवा ठेवू लागलो. डॉक्टरांना विचारून आजीला संध्याकाळी देवळात नेऊ लागलो. पहिले काही दिवस ती खांबाला टेकून नुसते टाळ वाजवी. आता मागच्या रांगेत, एक हात खांबाला लावून, पावली खेळते. मी हात धरायला गेलो की रागावते.