नोंदवही एकच हवी

मागच्या सत्रात मी आमच्या हाउसच्या वाचनालयासाठी जावा भाषेत एक प्रोग्राम लिहिला. एका ज्युनिअरने पुस्तक परत केले, मी तशी नोंदही केली. पण थकबाकीच्या पानावर त्याचे नाव तसेच राहिले. रविवारी सकाळी त्याला मैदानाच्या फेऱ्या माराव्या लागल्या. चूक त्याची नव्हती, माझी होती.

पाने मी 'विकेट' या वेब फ्रेमवर्कमध्ये बनवली होती. प्रत्येक पानात 'न्यू' लिहून मी स्वतंत्र नोंदवही तयार केली होती. परतीच्या पानाची वही वेगळी, थकबाकीच्या पानाची वेगळी. एकीतला बदल दुसरीला कळणार कसा?

परेडसाठी आपण रायफल स्वतः बनवत नाही. ती कोतमधून मिळते. प्रोग्राममध्येही असेच करता येते. लागणारी वस्तू ऑब्जेक्टने स्वतः बनवायची नाही, ती त्याला बाहेरून द्यायची. यालाच 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. 'स्प्रिंग' हे फ्रेमवर्क ते काम करते. वेगळे सांगितले नाही, तर ते प्रत्येक वस्तू एकदाच बनवते आणि मागेल त्याला तीच देते.

मग मी पानांमध्ये नोंदवहीच्या जागी '@स्प्रिंगबीन' अशी खूण केली. तरी प्रोग्राम बंद पडला. वहीच्या जागी 'नल', म्हणजे काहीच नव्हते. कारण पाने विकेट बनवते. स्प्रिंगला त्यांचा पत्ताच नसतो. दोघांमध्ये दुवा लागतो. अ‍ॅप्लिकेशनच्या 'इनिट' मेथडमध्ये 'स्प्रिंगकंपोनंटइंजेक्टर' नोंदवला, की विकेट प्रत्येक पान घडवताना त्याला कळवते आणि तो खुणेच्या जागा भरतो.

पण तो खरी वही पानात ठेवत नाही. विकेट पाने साठवून ठेवते आणि त्यासाठी पानातले सगळे बाइट्समध्ये बदलते. खरी वही पानात असती, तर साठवणच अडली असती किंवा वहीची प्रत निघून पुन्हा दोन वह्या झाल्या असत्या! म्हणून इंजेक्टर तिचा हलका प्रतिनिधी, म्हणजे 'प्रॉक्सी', ठेवतो. साठवलेले पान परत उघडले, की प्रॉक्सी स्प्रिंगकडून तीच वही शोधून घेतो.

त्या ज्युनिअरची माफी मी हाउसच्या फॉल-इनमध्ये सर्वांसमोर मागितली. दुरुस्तीनंतरची पहिली नोंद त्यालाच करायला सांगितली. त्याने एक पुस्तक परत केले आणि थकबाकीचे पान उघडले. नाव गेले होते. तरीही त्याने पान तीनदा उघडून पाहिले.