शिपायाचे गाऱ्हाणे

सैन्य शिस्तीवर उभे असते, हे आपण सारेच जाणतो. परंतु शिस्त म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा जो समज नागरिकांत आढळतो, तो मात्र खरा नव्हे. गिरणीतला कामगार संघटना करतो, संप करतो, वर्तमानपत्राकडे जातो. सैनिकाला हे मार्ग मोकळे नाहीत. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने त्याच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. मग अन्याय झाला, तर त्याने जावे कोठे?

याचे उत्तर १९५० च्या सेना अधिनियमाच्या २६ व्या कलमात आहे. जवानाने आपल्या कंपनीच्या प्रमुखाकडे तक्रार करावयाची. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल, तर त्याच्या वरिष्ठाकडे. ज्याच्याकडे ती येईल त्याने होईल तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे, अथवा जरूर तर ती वर पाठविली पाहिजे. म्हणजे ऐकणे ही मेहेरबानी नाही, ते कर्तव्य आहे. उलटपक्षी, जाणूनबुजून खोटे आरोप करणारास ५६ व्या कलमान्वये ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा खटाटोप कशासाठी, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाच्या ‘तलवार’ या शिक्षणतळावर खलाशांनी अन्न नाकारले. निकृष्ट जेवण, अधिकाऱ्याची शिवराळ भाषा आणि वर्णभेद ही त्यांची गाऱ्हाणी होती. त्यामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, हे खरेच. पण ठिणगी पडली ती न ऐकलेल्या गाऱ्हाण्यांची. पाहता पाहता ७८ जहाजे व सुमारे २०,००० खलाशी उठावात सामील झाले.

तरीही एक अडचण उरतेच. तक्रार ऐकणारा आणि हुकूम देणारा एकाच साखळीतला असला, तर न्याय मिळाल्याची खात्री वाटावी कशी? म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले; २००९ पासून त्याचे काम चालू असून मुंबईतही त्याचे एक पीठ आहे. प्रथम खात्यातील मार्ग अनुसरावा, आणि ६ महिन्यांत निर्णय न झाल्यास तेथे दाद मागावी, अशी ही व्यवस्था आहे. रजा व बदल्या यांचे वाद मात्र तेथे चालत नाहीत.

ज्याने हुकुमासरशी प्राण द्यावा अशी आपली अपेक्षा, त्याचे म्हणणे वेळेवर ऐकले जाते की नाही, ही चौकशी नागरिकांनीही ठेवली पाहिजे. गाऱ्हाणे ऐकल्याने शिस्त मोडत नाही, ती टिकते.