नवनगरांतील दैनंदिन जीवन, युद्धोत्तर ब्रिटनमधील

लोकसंख्या व भूक्षेत्र आधी निश्चित करून, मोकळ्या जमिनीवर किंवा एखाद्या लहान गावाभोवती शासकीय योजनेनुसार वसविलेल्या आणि घर, रोजगार, शिक्षण, बाजार व करमणूक या गरजा स्वतःच्या सीमेतच भागवू पाहणाऱ्या शहरास नवनगर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपातील अनेक देशांत अशी नगरे उभी राहिली. त्यांपैकी ब्रिटनमधील प्रयोग सर्वांत दीर्घकाळ चाललेला व सर्वांत बारकाईने अभ्यासिला गेलेला आहे. नवनगराच्या प्रत्येक आराखड्यात रहिवाशांचा दिवस कसा जाईल, याविषयी काही गृहीते अंतर्भूत होती : पुरुष जवळच्या कारखान्यात काम करील, स्त्री घरी राहील, मुले चालत शाळेत जातील आणि एकत्र राहणाऱ्यांत आपोआप शेजार जमेल. या गृहीतांपैकी काही खरी ठरली, काही मोडली व काही रहिवाशांनी स्वतःच बदलून घेतली.

पार्श्वभूमी : एबनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) याने १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली आणि तीनुसार लेचवर्थ (१९०३) व वेल्विन (१९२०) ही नगरे वसविण्यात आली. युद्धातील बाँबवर्षावाने लंडनमधील असंख्य घरे नष्ट झाली. जी उरली त्यांतही दाटी फार होती. पॅट्रिक ॲबरक्राँबी याने १९४४ च्या बृहत् लंडन योजनेत शहराभोवती हरितपट्टा राखून त्यापलीकडे नवी नगरे वसविण्याची शिफारस केली. १९४६ मध्ये नवनगर अधिनियम संमत झाला. त्यानुसार प्रत्येक नगरासाठी जमीन संपादन करणारे, घरे बांधणारे व ती भाड्याने देणारे स्वतंत्र विकास महामंडळ नेमण्यात येई. लंडनच्या उत्तरेस सु. ५० किमी. वर असलेले स्टीव्हनेज हे या अधिनियमाखालील पहिले नवनगर (नोव्हेंबर १९४६). तेथील मूळ गावकऱ्यांनी या योजनेस कडवा विरोध केला. नगरनियोजनमंत्री लुइस सिल्किन यांच्या नावावरून रेल्वेस्थानकाची पाटी बदलून तीवर ‘सिल्किनग्राड’ असे लिहिण्यात आले. हा वाद सर्वोच्च न्यायासनापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला व १९४७ मध्ये निकाल शासनाच्या बाजूने लागला. त्यानंतर हार्लो, क्रॉली, हेमेल हेम्पस्टेड, बॅझिल्डन, ब्रॅक्नेल इ. नगरे लंडनभोवती, ईस्ट किलब्राइड, ग्लेनरॉथस व कंबरनॉल्ड स्कॉटलंडमध्ये, कुम्ब्रान वेल्समध्ये आणि पीटर्ली डरॅमच्या खाणभागात उभारण्यात आली.

घर : १९५१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांच्या घरी न्हाण्याचे कायम बसविलेले टब नव्हते. अनेक कुटुंबे एकाच घरात खोल्या वाटून राहत. शौचकूप अंगणात असे व तेही सामाईक. अशा वस्तीतून आलेल्या कुटुंबास नवनगरात दोनमजली घर, वरच्या मजल्यावर दोनतीन निजायच्या खोल्या, न्हाणीघर, नळाला गरम पाणी आणि मागेपुढे बाग मिळे. स्वतःच्या घराच्या दाराची किल्ली हाती येणे, ही प्रारंभीच्या रहिवाशांच्या आठवणींत वारंवार येणारी गोष्ट आहे. मात्र घराभोवती पुष्कळ दिवस चिखल असे. रस्ते अपुरे आणि दुकाने दूर असत.

घर मिळण्याची अट बहुधा रोजगाराशी जोडलेली होती. नवनगरात आलेल्या कारखान्यात काम मिळाले, तरच महामंडळ घर देई. त्यामुळे कुशल कामगारांची तरुण कुटुंबे प्रथम आली. वृद्ध, अकुशल कामगार आणि राष्ट्रकुलातील देशांतून नुकतेच आलेले लोक बव्हंशी जुन्या शहरात मागे राहिले. भाडेही जुन्या नगरपालिकीय घरांपेक्षा अधिक असे. गरम पाणी, नवे पडदे, नवे सामान व बसभाडे यांची भर पडल्यावर पगार पुरत नसे आणि हप्त्यांनी वस्तू घेण्याची प्रथा वाढली.

घराच्या अंतर्गत रचनेविषयी १९६१ चा पार्कर मॉरिस अहवाल महत्त्वाचा मानला जातो. खोलीचे किमान क्षेत्रफळ ठरविण्याऐवजी कुटुंब त्या खोलीत काय करते, टेबल कोठे ठेवते, बाबागाडी कोठे उभी करते, मुलाला अभ्यासासाठी निवांत व उबदार जागा मिळते का, असे प्रश्न या अहवालाने विचारले. त्याची मानके १९६७ मध्ये नवनगरांना आणि १९६९ मध्ये नगरपालिकांना बंधनकारक झाली. १९८० नंतर ती बंधनकारक राहिली नाहीत.

शेजारघटक : नवनगराचा पाया शेजारघटक हा होता. प्राथमिक शाळा, काही दुकाने, सभागृह व प्रार्थनामंदिर यांभोवती साधारणपणे पाच ते दहा हजार लोकांची वस्ती आणि तीमधून मोठी रहदारी जाऊ न देणे, असे त्याचे स्वरूप असे. ही कल्पना अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी याने १९२९ मध्ये मांडली होती. स्टीव्हनेजच्या मूळ योजनेत ६०,००० लोकांसाठी असे सहा शेजारघटक होते. हार्लोचा नियोजक फ्रेडरिक गिबर्ड याने वस्त्यांच्या गटांमधून शेते व वनराजी यांचे पट्टे आत येऊ दिले. वस्तीतील चारपाच दुकानांच्या गटाला तेथे ‘हॅच’ म्हणत. मुलांना शाळेत पोहोचविताना आणि दुकानात जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा उद्देश पुष्कळ अंशी साध्य झाला. मात्र शेजारघटकाच्या सीमेवरून मैत्री ठरली नाही. ज्यांची मुले एका वयाची, ज्यांचे अंगण समोरासमोर किंवा ज्यांचे काम एका कारखान्यात, त्यांच्यात ओळखी झाल्या. नकाशावरील दहा हजारांच्या घटकापेक्षा दहावीस घरांची गल्ली हाच प्रत्यक्षातला शेजार ठरला.

आप्तसंबंध आणि एकाकीपणा : पूर्व लंडनमधील कामगारवस्तीत लग्न झालेली मुलगी बहुधा माहेरापासून हाकेच्या अंतरावर राही. बाळंतपण, आजारपण, मुले सांभाळणे, उसनेपासने या सर्वांत आई हा कुटुंबाचा आधार असे. मायकेल यंग व पीटर विल्मॉट या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेथनल ग्रीन या वस्तीतील हे जाळे आणि तेथून शहराबाहेरील वसाहतीत गेलेल्या कुटुंबांची स्थिती यांची तुलना केली. ती वसाहत लंडन परगणा परिषदेची होती, नवनगर नव्हे. परंतु तिच्यातील अनुभव नवनगरांनाही लागू पडणारा होता. घर सुधारले, मुलांची प्रकृती सुधारली, पण आईची रोजची भेट तुटली. कुटुंब घरात व दूरचित्रवाणीपुढे एकवटले.

याच सुमारास वृत्तपत्रांतून नवनगरांतील स्त्रियांच्या उदासीनतेची चर्चा होऊ लागली व तिला ‘नवनगरी खिन्नता’ अशा अर्थाचे नाव पडले. लॉर्ड टेलर व सिडनी चेव्ह यांनी एक नवनगर, शहराबाहेरील एक वसाहत व लंडनचा एक जुना भाग यांची तुलना करून १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अस्वस्थता, निद्रानाश, चिडचिड यांसारख्या सौम्य तक्रारी तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळल्या. गंभीर मानसिक विकारांचे प्रमाण मात्र नवनगरात कमी होते. नवनगर माणसाला आजारी पाडते, हा समज त्यामुळे टिकला नाही. त्याचप्रमाणे चांगल्या घराने सर्व दुःखे नाहीशी होतात, ही नियोजकांची आशाही फोल ठरली.

वय, स्त्रिया व काम : एकाच वयोगटातील जोडपी एकदम आल्याने जन्मप्रमाण फार वाढले, हार्लोला वृत्तपत्रांनी ‘बाबागाड्यांचे नगर’ म्हटले. आधी प्रसूतिगृहे, मग प्राथमिक शाळा, पुढे माध्यमिक शाळा अपुऱ्या पडत गेल्या आणि ती पिढी मोठी झाल्यावर त्याच शाळांतील वर्ग रिकामे होऊ लागले. तरुणांसाठी करमणुकीच्या सोयी उशिरा आल्या.

स्त्री दिवसभर घरी असेल, हे गृहीत लवकरच ढासळले. भाडे व हप्ते भागविण्यासाठी स्त्रिया कामास जाऊ लागल्या. पती घरी आल्यावर मुले त्याच्याकडे सोपवून संध्याकाळच्या पाळीस जाण्याची पद्धत अनेक कारखान्यांत होती. आराखड्यात पाळणाघरांसाठी फारशी जागा नव्हती. १९६० नंतर मातांनी आळीपाळीने चालविलेले खेळगट सभागृहांतून सुरू झाले. आजी जवळ नसल्याने निर्माण झालेली पोकळी शेजारणींनी अशा प्रकारे काही अंशी भरून काढली.

रहदारी : पहिल्या नवनगरांचे आराखडे चालणाऱ्या व सायकलवर जाणाऱ्या माणसासाठी होते. स्टीव्हनेजमध्ये एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्याने मुख्य रस्त्यांपासून पूर्णपणे वेगळे सायकलमार्ग बांधले. तरीही मोटारगाडी परवडू लागताच लोकांनी ती पसंत केली आणि गाड्या उभ्या करण्यास जागा अपुरी पडू लागली. उलट १९६७ मध्ये निर्देशित झालेल्या मिल्टन कीन्झमध्ये सु. एक किमी. अंतरावरील रस्त्यांची जाळीच मोटारीसाठी आखण्यात आली; ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्यांना तेथे बसच्या विरळ फेऱ्यांवर अवलंबून राहावे लागले. रोजगार नगरातच असावा, हा आग्रहही कालांतराने सैल झाला व लंडनकडे रोज जाणेयेणे करणाऱ्यांची संख्या वाढली.

आधुनिक वास्तुकल्प व रोजचा वापर : नवनगरांतील बहुतेक घरे साधी, विटांची व कमी उंचीची होती. तथापि काही ठिकाणी धाडसी प्रयोग झाले. हार्लोमधील ‘द लॉन’ (१९५१) ही दहा मजली इमारत ब्रिटनमधील पहिली निवासी मनोरा-इमारत मानली जाते. ती आजही राहती आहे. कंबरनॉल्डमध्ये टेकडीच्या माथ्यावर दुकाने, कार्यालये, सदनिका व वाहनतळ एकाच प्रचंड काँक्रीट रचनेत सामावणारे नगरकेंद्र बांधण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १९६७ मध्ये पुरा झाला. तेथे वाऱ्याचा मारा फार होता आणि उतारांवरून ये-जा करणे वृद्धांना कष्टाचे होते. स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये ते विकत घेऊन पाडण्याची योजना जाहीर केली. रंकॉर्न येथे जेम्स स्टर्लिंगने उभारलेली साउथगेट वसाहत तिच्या वर्तुळाकार खिडक्यांमुळे गाजली. तेथील सामाईक तेलतापनव्यवस्था १९७३ च्या तेलदरवाढीनंतर भाडेकरूंना परवडेनाशी झाली व १९९०–९२ मध्ये वसाहत पाडण्यात आली. पीटर्लीतील सपाट छपरे गळत असल्याने अनेक घरांवर पुढे उतरती छपरे चढविण्यात आली. तेथेच चित्रकार व्हिक्टर पॅस्मोर याने १९६९ मध्ये उभारलेला काँक्रीटचा अपोलो मंडप रहिवाशांना अनेक वर्षे उपद्रवाची जागा वाटे. २००९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला व २०११ मध्ये त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. हवामान, देखभालीचा खर्च व इंधनाची किंमत यांचा विचार न करता केलेल्या रचनेचा भार अखेर भाडेकरूवर पडतो, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

रहिवाशांचा सहभाग : महामंडळाचे सदस्य शासन नेमत असे, त्यांना निवडण्याचा अधिकार रहिवाशांना नव्हता. जमीनदार, घरमालक व नियोजक एकच असल्याने दाराचा रंग किंवा कुंपण बदलण्यासही काही ठिकाणी त्याची परवानगी लागे. यातूनच भाडेकरूंच्या संघटना निर्माण झाल्या. स्टीव्हनेजचे बाजारकेंद्र वाहनमुक्त ठेवावे, या मागणीस रहिवाशांनी जाहीर पाठिंबा दिला व १९५९ मध्ये ते तसेच खुले झाले. फेअरलँड्झ दरीतून मोठा रस्ता नेण्याच्या योजनेसही त्यांनी विरोध केला. तो रस्ता झाला नाही व पुढे तेथे तलाव व उद्यान झाले. १९८० च्या गृहनिर्माण अधिनियमाने भाडेकरूंना घर विकत घेण्याचा अधिकार दिला. त्यानंतर एकाच रांगेतील घरांना वेगवेगळे दरवाजे, खिडक्या व पडव्या दिसू लागल्या. तथापि विकलेल्या घरांच्या जागी नवी भाड्याची घरे पुरेशी न बांधली गेल्याने, ज्यांच्यासाठी ही नगरे वसविली होती, त्यांच्या मुलांना तेथेच घर मिळणे कठीण झाले.

भारताशी संबंध : हार्लोमध्ये गृहरचना करणारे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य १९५१ मध्ये चंडीगढच्या कामावर आले. शाळा व दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर ठेवणारा तेथील सु. ८०० × १,२०० मी. चा विभाग हा शेजारघटकाचाच भारतीय अवतार होय. महाराष्ट्रात १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची आखणीही ‘नोड’ नावाच्या स्वयंपूर्ण उपनगरांची माळ म्हणून केली. तेथेही घर आणि रोजगार एकाच नगरात राहतील, ही अपेक्षा प्रारंभी सफल झाली नाही. वाशीतील अनेक रहिवासी १९७३ च्या खाडीपुलावरून व १९९२ नंतर रेल्वेने मुंबईस कामावर जात राहिले.

मूल्यमापन : युद्धोत्तर नवनगरांनी लाखो कुटुंबांना कोंदट खोल्यांतून बाहेर काढून उजेड, पाणी व स्वतंत्र घर दिले, हे त्यांचे निर्विवाद यश होय. त्यांच्या उणिवा बहुधा घराच्या आत नव्हत्या. आप्तांपासूनचे अंतर, अपुरी वाहतूक, पाळणाघरांचा अभाव आणि निर्णयातील रहिवाशांचे नगण्य स्थान यांत त्या होत्या. प्रथम आलेल्यांची मुले तेथेच वाढली, काहींची लग्ने तेथेच झाली व आजीआजोबा त्याच नगरात राहू लागले, तेव्हा जुन्या वस्तीतील जाळ्यासारखे संबंध पुन्हा जुळू लागले. घरे चारपाच वर्षांत बांधता आली. शेजार जमण्यास मात्र एक पिढी लागली. नव्या नगराच्या आराखड्यात हा कालावधी आणि त्या काळात लागणाऱ्या सोयी यांचा हिशेब प्रारंभापासूनच धरावा लागतो.