कारवार जवळ की दूर?

जोयडा तालुक्यातील रहिवाशाला जिल्हा कचेरीच्या कामासाठी कारवार गाठावयाचे असते, तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून काढलेले सुमारे ५५ किलोमीटरांचे सरळ अंतर त्याच्या उपयोगी पडत नाही. कारण सह्याद्रीच्या कड्यांना आणि काळी नदीच्या खोऱ्याला वळसे घालीत अणशी घाटातून उतरणारा रस्ता तेच अंतर ८० किलोमीटरांपलीकडे नेतो. अशा मुलखात अंतर तासांतच सांगावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ती सरळ रेषा चार मिनिटांची, हा हिशेब बिनचूक असला तरी व्यर्थ होय, कारण एवढ्या मजलेत विमान आपली नेहमीची उंचीसुद्धा गाठू शकत नाही. लंडन आणि पॅरिस यांच्यामधील सुमारे ३४५ किलोमीटरांचा प्रवासही याच कारणाने, गणिताने अर्ध्या तासाहून कमी भरत असता, वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास दिसतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि हवाई नियंत्रकांनी आखून दिलेले मार्ग यांचा काळ त्यात जमा धरावा लागतो. शिवाय युरोपवर अतिउच्च थरांत वाहणारे प्रबळ वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असल्यामुळे, लंडनहून बर्लिनला निघालेले विमान परतीच्या विमानापेक्षा सहसा कमी वेळ आकाशात असते.