आधी जीव, मग रूप

मुखकर्करोगाचे निदान झाले की रुग्णाला मृत्यूइतकीच धास्ती चेहरा विद्रूप होण्याची वाटते. ‘शस्त्रक्रियेऐवजी केवळ किरणोपचार चालणार नाहीत का?’ हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. गालाच्या वा हिरडीच्या कर्करोगात मात्र सामान्यतः शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार ठरतो. किरणोपचारांनीही तोंड कोरडे पडते, जबडा आखडतो.

मानेवरील छेदालाही अनेक जण कचरतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे मार्गदर्शक आहे. प्रारंभिक अवस्थेत मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ८० टक्के होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत ते ६७.५ टक्केच होते.

रूप पूर्ववत होईलच असे नाही. तथापि पायातील बारीक हाड घेऊन त्याच शस्त्रक्रियेत जबडा उभारता येतो, मांडीच्या वा छातीच्या त्वचेने गाल सांधता येतो. चावणे, बोलणे कितपत जमेल, व्रण कोठे राहील, पुनर्रचना कोण करणार, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच निःसंकोच विचारावे. या चौकशीत आठवडे मात्र दवडू नयेत. व्रणाशी जुळवून घेता येते, वाढलेला रोग तेवढी सवलत देत नाही.