कथेत कोण बोलत नाही?

कथा वाचली की आपण लगेच निकाल देतो. प्रेमचंदांची ‘कफन’ घ्या. हिंदीत ती १९३६ साली आली. आत बुधिया बाळंतवेणांनी तळमळतेय. बाहेर सासरा घिसू आणि नवरा माधव भाजलेले बटाटे खातायत. आत गेलो तर बाप जास्त बटाटे खाईल, ही माधवला भीती. ती मरते. कफनासाठी जमलेले पाच रुपये दोघं खाण्यापिण्यात उडवतात.

‘किती निर्दय!’ म्हणून पुस्तक मिटू नका. निवेदक मध्येच सांगतो, की रात्रंदिवस राबणाऱ्यांची दशाही यांच्याहून फारशी बरी नाही. मग यांनी का राबावं? आता, हे कारण झालं, समर्थन नव्हे. दोहोंत गल्लत करायची नाही.

पुढचा प्रश्न विचारा: कथेत कोण बोलत नाही? बुधिया. दळण दळून, गवत कापून तिनेच या दोघांची पोटं भरली. तिच्या वाट्याला एक वाक्य नाही, फक्त किंकाळ्या. राबून काय मिळतं, ते तिच्या मरणात दिसतं. म्हणजे निवेदकाचं म्हणणं तीच खरं करते, आणि तिच्या कष्टांवर जगलेल्या या दोघांना दोषीही तीच ठरवते.

हा पेच लगेच सोडवू नका. घरी जाऊन कथा पुन्हा वाचा.